नाक्यावरचे उलटे बिल्ले

आमच्या घरात संध्याकाळचा पहिला प्रश्न ठरलेला होता. बाबा दारात चपला काढून मोरीकडे वळले की आई ओट्यावरून मान न वळवता विचारायची, "पाटी फिरली?" लोकांच्या घरी कामावरून आलेल्या माणसाला चहा हवा का विचारतात. आमच्याकडे आधी पाटी, मग चहा. पाटी दोनदा फिरली असली तर रविवारची वाट न बघता मटण यायचं, आई पाट्यावर खोबरं-लसूण वाटायला बसायची आणि अख्ख्या चाळीला वासावरून आमची कमाई कळायची. एकदा फिरली असली तर वांग्यात सुकट. आणि फिरलीच नसली तर पिठलं, तेही असं तिखट की बाबांच्या कपाळावर घाम यायचा. एरवी हात राखून मिरची घालणारी बाई ती, पण त्या दिवशी तिचा हात सुटायचा. राग बाबांवर नसायचा. कोणावर असायचा ते तिलाही सांगता आलं नसतं, म्हणून तो पिठल्यात जायचा.

पाटी म्हणजे अंबरनाथ एमआयडीसीतल्या टेम्पो नाक्यावरची पाटी. शिरीषाच्या झाडाला एक लांब फळी ठोकलेली, फळीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर एक बिल्ला. बिल्ले केमिकलच्या ड्रमच्या झाकणांतून कापलेले, वर ऑइलपेंटने गाडीचा नंबर. ज्याचा बिल्ला पहिल्या खिळ्यावर, आलेलं भाडं त्याचं. मग ते जवळचं असो की लांबचं. गाडी भाडं घेऊन निघाली की तिचा बिल्ला शेवटच्या खिळ्यावर जायचा आणि बाकीचे एकेक खिळा पुढे सरकायचे. असे सगळे बिल्ले एकदा पुढून मागे गेले की पाटी फिरली. ज्याने आलेलं भाडं नाकारलं, त्याचा बिल्ला उलटा. रंगवलेली बाजू फळीकडे, गंजकी बाजू लोकांकडे. उलट्या बिल्ल्याला आठ दिवस नंबर नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कोणाची हिंमत नव्हती. वारा सुटला की सगळे बिल्ले फळीवर आपटायचे. आजही कुठे पत्रा वाजला की मला आधी ते झाड दिसतं.

ही रांग सांभाळायचे लछू अंकल. उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी. नाक्यावर त्यांची पत्र्याची टपरी, टपरीत टेबल, टेबलावर फोन आणि फोनला कुलूप. गाडी हवी असली की कंपन्या त्यांना फोन करायच्या आणि ते टपरीतून डोकं बाहेर काढून पुकारा करायचे. मराठी, हिंदी आणि सिंधी मिळून त्यांनी स्वतःपुरती एक भाषा केली होती आणि ती सगळ्या नाक्याला समजायची. त्यांच्या डब्यात कोकी असायची, कांदा घातलेली जाड, खमंग पोळी. त्यातली अर्धी बाबांना, आणि बाबांच्या डब्यातली सुकट अर्धी अंकलना. डॉक्टरांनी अंकलना खारं बंद केलं होतं, त्यामुळे ही देवाणघेवाण त्यांच्या घरी कळू द्यायची नव्हती. मी डबा घेऊन गेले की अंकल आधी माझ्याकडे, मग डब्याकडे बघायचे आणि विचारायचे, "बेटा, आज समुद्र लायी क्या?"

आमचा टेम्पो निळा होता. मागे बाबांनी लिहून घेतलं होतं, 'घाई आहे? मग उड.' समोर काचेच्या वर 'जय भीम'. एका गोदामवाल्याने एकदा बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, समोरचं तेवढं पुसून टाक, माझ्या पार्ट्यांना बरं वाटत नाही, भाडी जास्त देतो. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी पेंटर बोलावला आणि अक्षरं बोटभर मोठी करून घेतली. माझ्या बाबांचं बोलणं थोडं आणि करणं असं. ते मला कळायला वेळ लागला. आईला लग्नाआधीच कळलं असावं.

आई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका मलमाच्या कंपनीत पॅकिंगला होती. निळा कोट, डोक्याला जाळी, आणि समोर ट्यूब भरायचं मशीन. मशीन जुनं होतं, म्हणून खात्यातल्या बायका त्याला म्हातारी म्हणायच्या. म्हातारी आज खोकतेय, म्हातारीला तेल द्या, म्हातारीने साहेबांचा शर्ट रंगवला. रिकामी ट्यूब एका बाजूने जायची, पोटात मलम घेऊन शेपटी मुडपून दुसऱ्या बाजूने यायची. मी लहान असताना आई मला ते हाताने करून दाखवायची, तोंडाने आवाज काढत, खट्, फिस्स, खट्, फिस्स. मुलाने घास खावा म्हणून इतर आया चिऊ-काऊ आणतात. माझ्या घासात म्हातारी असायची.

त्या वर्षांत बदलापूर वाढताना मी टेम्पोच्या केबिनमधून पाहिलं. सुट्टीत बाबा मला बरोबर न्यायचे. बेलवलीत एका बिल्डिंगला त्यांनी आधी विटा टाकल्या, मग सिमेंट, मग लाद्या, मग खिडक्यांचे ग्रिल, आणि पुढे कधीतरी त्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर एका नव्या जोडप्याचं कपाट. कपाट चढवून झाल्यावर त्या नव्या नवरीने बाबांना पेढा दिला. परत येताना बाबा भलतेच खूश होते. "हे सगळं आपण आणलंय, सुजू," स्टिअरिंगवरचा एक हात सोडून ते बाहेर दाखवत म्हणाले. जणू बदलापूर त्यांनी एकट्याने पाठीवरून वाहून आणलं होतं. थोडंफार आणलंही होतं, मी का नाही म्हणू?

मी उल्हासनगरच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं तेव्हा मामांनी कपाळाला हात लावला. बी.कॉम. कर, नाहीतर नर्सिंग कर, हे काय खूळ? पण मला आवडायचं. एकदा आमच्या सरांनी शिकवलं की देशाची वाढ होत असली की रस्त्यावरची मालवाहतूक वाढते, आणि मालवाहतूक वाढली की ओळखायचं, वाढ होतेय. दोन्ही एकमेकींचा हात धरून चालतात. मी ते घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की त्यांनी ते सगळ्या नाक्याला सांगितलंय आणि आता नाक्यावर कोणी टायरची हवा जरी तपासली तरी दुसरा म्हणतो, "देश चालवतोय रे, त्याला त्रास देऊ नको."

आणि मग खरोखरच पाटी फिरायला लागली. आधी दिवसातून दोनदा, मग तीनदा. लछू अंकलना जेवायला फुरसत मिळेना. टीव्हीवर देश कसा पुढे चाललाय याच्या जाहिराती सुरू होत्या आणि आमच्या नाक्याकडे बघितलं की त्या खऱ्या वाटायच्या. जगन नावाचा एक पोरसवदा ड्रायव्हर आतापर्यंत दुसऱ्याची गाडी चालवायचा, त्याने बँकेचं कर्ज काढून स्वतःचा नवा टेम्पो आणला. नारळ फुटला, अंकलनी कॅम्पातून मिठाई मागवली, आमच्याकडे आठवड्यात दोनदा पाट्यावर खोबरं वाटलं जायला लागलं. ड्रम, पाइप, कंट्रोल पॅनल, मोटारी, लाकडी खोक्यांत ठोकलेली मशिनं. बाबा सांगत आणि मी सरांचं वाक्य आठवून मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत असे.

तो रविवार मला ताटातल्या पदार्थांसकट आठवतो. दुपारचं जेवण, मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. बाबांनी पहिला घास मोडला आणि आई सहज बोलावं तसं म्हणाली, "म्हातारीला दुरुस्तीला पाठवणारेत. या आठवड्यात."

"बरंय," बाबा म्हणाले. "तुमच्याकडचं ते सुकवायचं मशीन मीच नेलं होतं ना मागच्या महिन्यात. दुरुस्तीलाच."

"ते परत आलं नाही अजून."

"येईल. दुसऱ्या कोणाचा नंबर लागला असेल परतीला."

आईने भाकरी ताटात ठेवली. "अहो, तुम्ही गेल्या महिन्याभरात काय काय नेलंत, ते जाऊ द्या. आणलंत काय?"

बाबा आठवायला लागले. आठवता आठवता त्यांचं बोट रश्श्यातच राहिलं. पाइप नेले, मोटारी नेल्या, पलीकडच्या रंगाच्या कंपनीतून टाक्या नेल्या. सगळं गुजरातच्या रस्त्याला एका गोदामात उतरवलं होतं, तिथून पुढे मोठे ट्रक. येताना गाडी रिकामी. कच्चा माल? रिकामे ड्रम? पुठ्ठ्याचे खोके? त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अर्थशास्त्र शिकत होते ना. सरांनी वाहतूक वाढली म्हणजे वाढ एवढंच सांगितलं होतं. कोणत्या बाजूला, हे वर्गात कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

सोमवारी बाबांनी नाक्यावर एकच प्रश्न विचारला. "महिन्याभरात एमआयडीसीत कोणी काही आत आणलंय का?" सगळे हसले, मग एकेक जण आठवायला लागला, मग हसणं थांबलं. कोणीच काही आणलं नव्हतं. इतके दिवस हे दिसलं कसं नाही, असं लोक मला विचारतात, आणि मी त्यांना पाटीकडे बोट दाखवते. आमची रांग न्यायाची होती. एका कंपनीची भाडी एकाच माणसाला मिळू नयेत, सगळ्यांच्या पोटात थोडं थोडं जावं, म्हणून ती केलेली. त्यामुळे आज एकाने पाइप नेले, उद्या दुसऱ्याने मोटार, परवा तिसऱ्याने टाकी. प्रत्येकाला आपलं एक भाडं दिसलं. अख्खी कंपनी उचलून नेतोय हे कोणालाच दिसलं नाही. आम्ही मिठाई वाटली ती आपलीच चूल उचलून नेण्याची. तिकडे दुसऱ्या राज्यात सवलती मिळत होत्या, जागा मिळत होती, मालक निघाले होते, आणि त्यांचं सामान आनंदाने चढवून देणारे आम्ही होतो.

आईने कंपनीत जाऊन बायकांना सांगितलं. त्यांनी साहेबांना विचारलं, मशीन जाणार तर आमचं काय, आमचा हिशोब काय. साहेब म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही उद्या बघू. तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या सगळ्या बायका निळे कोट घालून गेटच्या आत, ज्या वाटेने गाडी येते त्या वाटेवर, डबे घेऊन बसल्या. घोषणा नाहीत, झेंडा नाही. आई निघताना मला म्हणाली, "बाबांचा डबा तू पोचव. मी आज उठणार नाही तिथून." मी कॉलेज बुडवलं. आयुष्यात जे थोडे तास बुडवले त्यांतले हे सर्वांत चांगले.

मी डबा घेऊन नाक्यावर पोचले तेव्हा दुपार चढली होती. पहिल्या खिळ्यावर बाबांचा बिल्ला होता. टपरीतला फोन वाजला, लछू अंकलनी ऐकून घेतलं, ठेवला, आणि डोकं बाहेर न काढता स्वतःच बाहेर आले. एरवी ते ओरडायचे. त्या दिवशी बाबांच्या जवळ जाऊन हळू बोलले.

"सुदाम साईं, लोड हे. मलम कंपनी. वो ट्यूबवाली मशीन."

बाबा टायरवर बसले होते. ते उठलेच नाहीत.

"नंबर तुझा हे," अंकल म्हणाले. "डबल भाडा बोलतो साब."

एवढ्यात कंपनीचे साहेब स्वतः चालत नाक्यावर आले. माणूस वाईट नव्हता, हे आज मी म्हणू शकते. त्या दिवशी मला त्याचे चकचकीत बूटसुद्धा वाईट दिसत होते. "सुदाम, तू आपला जुना माणूस," ते म्हणाले. "मशीन सर्व्हिसिंगला चाललंय. उगाच अफवा आहेत. तू गाडी लाव, बायका तुझ्यासाठी सरकतील."

तेव्हा मला कळलं, डबल भाडं कशाचं होतं. माझ्या आईला उठवायचं.

बाबा उभे राहिले. "नेतो की, साहेब. फक्त परतीचं भाडंही आत्ताच ठरवून टाका. कुठल्या दिवशी आणायचं ते सांगा. आणायचा नंबरही माझाच लावा."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. बाबा थोडा वेळ थांबले, खरंच उत्तराची वाट बघत असावेत तसे, आणि मग पाटीकडे गेले. त्यांनी आपला बिल्ला खिळ्यावरून काढला, पालथा केला आणि परत लावला. गंजकी बाजू बाहेर. ज्या माणसाने आयुष्यात एकही नंबर सोडला नव्हता, तापातसुद्धा, त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला आठ दिवस उपाशी बसवलं. मला रडू आलं आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं, बघा, हा माझा बाप.

दुसरा बिल्ला एका म्हाताऱ्या चाचांचा होता. त्यांनी विडी विझवली, कानामागे ठेवली, उठले आणि बिल्ला उलटा केला. "आपली पाठ दुखते आज," एवढंच म्हणाले. तिसऱ्याने कारणही दिलं नाही. मग रांग लागली. भाडं घ्यायला लागायची तशीच, पण उलटी. पत्रा फळीवर आपटत होता आणि अंकल टपरीच्या दारात कमरेवर हात ठेवून बघत होते.

मग जगनचा बिल्ला आला. नवा टेम्पो, झेंडूचा हार सुकून अजून समोर लटकलेला. तो बाबांजवळ आला. "अण्णा, माझा हप्ता आहे. माझी गाडी ओढून नेतील."

"मग जा," बाबा म्हणाले. "नंबर तुझा आहे. तुला कोण अडवणार?"

"तुम्ही रागवाल."

"रागवेन. पण अडवणार नाही."

जगन गेला. गाडी वळून कंपनीच्या गेटात शिरली. मी बाबांना डबा उघडून दिला, त्यांनी हात लावला नाही. लछू अंकलनी आपल्या कोकीचा तुकडा पुढे केला, तोही त्यांनी घेतला नाही. पुष्कळ वेळाने जगनचा टेम्पो परत आला. हौदा रिकामा. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी लागलेलं होतं, शर्टाला पुसत होता.

"काय झालं?" अंकलनी विचारलं.

"काय नाय झालं. काकूंनी विचारलं, जेवलास का." काकू म्हणजे माझी आई. "मी हॉर्न मारत होतो. त्या उठल्या नाहीत. डब्याचं झाकण पुढे केलं, भाकरी आणि ठेचा. बोलल्या, आधी जेव, मग काय चढवायचं ते चढव. मी खाली बसून जेवलो." त्याने हात परत शर्टाला पुसला. "जेवल्यावर कोण चढवतो?"

त्याने आपला बिल्ला उलटा केला. आता अख्खी फळी गंजकी दिसत होती. इतकी वर्षं मी त्या पाटीकडे बघत होते, तिच्यावर एकही नंबर नाही असं कधी पाहिलं नव्हतं.

साहेब अंकलकडे वळले. अंकल टपरीत जाऊन खुर्चीत बसले होते. दलाली त्यांचीही बुडत होती आणि ते चिडले होते, नाही असं नाही. दोन-तीनदा त्यांनी कपाळावर हात मारला. मग ते आमच्यापैकी कोणाकडे न बघता बोलले. "मेरा बाप सिंध से निकला, तब सामान बैलगाडी पे जिसने चढ़ाया ना, वो पड़ोसी था. रोज का पड़ोसी. बाप ने पूछा, तू चढ़ाता है? वो बोला, मेरा तो काम है." त्यांनी खिशातून किल्ली काढली, फोनचं कुलूप उघडलं आणि समोर उभ्या असलेल्या साहेबांच्याच कंपनीला फोन लावला. "हां, लछू. इधर गाड़ी नहीं मिलेगा. नहीं, आज नहीं. कल भी नहीं." साहेब अजून तिथेच होते.

आता पुढचं सांगते, कारण अर्धवट सांगितलं तर ही सिनेमाची गोष्ट होईल. मशीन गेलं. तीन-चार दिवसांनी बाहेरून लांब ट्रेलर आला, क्रेन आली, पोलीस आले. पण त्या तीन-चार दिवसांत 'उद्या बघू' म्हणणाऱ्यांना बायकांसमोर खुर्ची टाकून बसावं लागलं. हिशोबात मिळालं ते पुरेसं नव्हतं. त्याआधी मिळणार होतं ते काहीच नव्हतं. मामा घरी येऊन बाबांना लागेल असं बोलले. "काय मिळवलंत दोघांनी? बायकोची नोकरी गेली, तुझा नंबर गेला, आणि मशीन गेलं ते गेलंच." मी तेव्हा लहान म्हणून बोलले नाही. आज बोलते, मामा नसले तरी. मशीन गेलं, मामा. आमच्या गाडीतून नाही गेलं. ज्यांना या दोन गोष्टी एकच वाटतात त्यांना मी समजावून सांगायच्या फंदात पडत नाही.

त्या आठ दिवसांत आमच्या घरी रोज पिठलं होतं. आणि एकदाही तिखट नव्हतं. वर लसणीची फोडणी, बाजूला कांदा, आणि आई बाबांना दुसऱ्यांदा वाढताना विचारायचीही नाही, सरळ वाढायची.

आता माझे केस पांढरे होतायत. मी ठाण्याला एका मोठ्या माल वाहतुकीच्या ऑफिसात काम करते. काचेची खोली, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर रेघा. रेघ वर गेली की तरुण मुलं टाळ्या वाजवतात, कोणीतरी केक मागवतं. मी हात वर करते. गाड्या जाताना भरून जातायत, येताना काय आणतायत, ते वेगळं काढून दाखवा. सुरुवातीला सगळे वैतागायचे. एका वरच्या साहेबाने मला सौम्यपणे सांगितलं की एवढं खोलात जायची गरज नसते, वाढ ती वाढ. मी त्याला म्हटलं, सर, मी वाढ भरून जाताना पाहिलीय, चढवायला माझा बाप बोलावला होता. त्याला काही कळलं नाही. पण तो तक्ता आता दर महिन्याला निघतो आणि माझ्याच टेबलावरून निघतो. बढती दोनदा हुकली, त्यातली एक तरी याचमुळे. हुकली तर हुकली.

उलट्या बिल्ल्यांचे आठ दिवस संपले त्या सकाळी बाबा लवकर उठले, गाडी पुसली आणि नाक्यावर जायला निघाले. आई म्हणाली, "थांबा, मी येते." तिला कामावर जायचं नव्हतं, पण तिने कपाटातून निळा कोट काढला आणि साडीवर चढवला. मीही मागून गेले. नाक्यावर सगळे होते. चाचा, जगन, बाकीचे. आपापला बिल्ला सरळ करायला आलेले, पण कोणी हात लावत नव्हतं. जगनची गाडी अजून त्याचीच होती. पुढे किती दिवस राहणार ते त्यालाही माहीत नव्हतं. आई सरळ पाटीपाशी गेली. इतकी वर्षं रोज संध्याकाळी जिची चौकशी केली, ती पाटी ती पहिल्यांदा जवळून बघत होती. तिने एकेका बिल्ल्यावरून बोट फिरवत बाबांचा कोणता ते विचारलं, काढला, कोटाच्या बाहीने पुसला आणि सरळ करून लावला.

टपरीत फोन वाजला. सगळ्यांच्या माना वळल्या. कोणाचा आहे, किती भाडं, कुठे जायचं, नेहमीचे सगळे प्रश्न लोकांच्या तोंडावर होते. लछू अंकल डोकं बाहेर काढून ओरडले, "सुदाम! लोड!"

बाबा गाडीकडे निघाले. आईने त्यांचा हात धरला आणि टपरीकडे बघून मोठ्याने विचारलं, "आणायचंय की न्यायचंय?"

अंकलनी फोन कानाला लावला. पलीकडच्या माणसाला विचारलं. सगळा नाका थांबला होता.

"आणायचंय, भाभी. पुठ्ठे का खोका. इधरीच, नयी बेकरी में."

"मग जा," आई बाबांना म्हणाली, आणि तिने त्यांचा हात सोडला.